नकाशाच्या टेबलापाशी उभा असलेला अधिकारी : जनरल आडॉल्फ हॉइझिंगर



आज आपण ज्या माणसाविषयी बोलणार आहोत, त्याचं नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. पण तो प्रसंग मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. २० जुलै १९४४. पूर्व प्रशियातल्या जंगलात हिटलरचं मुख्यालय. दुपारची बैठक चालू आहे. मोठ्या टेबलावर नकाशे पसरलेले आहेत, हिटलर टेबलावर ओणवा होऊन पाहतो आहे, आणि टेबलाखाली एका चामडी बॅगेत बॉम्ब आहे. कर्नल स्टाउफेनबर्ग बॅग ठेवून बाहेर पडला आहे. १२ वाजून ४२ मिनिटांनी स्फोट होतो.

या प्रसंगावर पुस्तकं झाली, चित्रपट झाले. सगळ्यांचं लक्ष साहजिकच दोन माणसांवर असतं, बॉम्ब ठेवणारा आणि वाचणारा. आम्ही मात्र आज तिसऱ्याकडं बघा म्हणणार आहोत. हिटलरच्या अगदी शेजारी, उजव्या हाताला उभा राहून रशियन आघाडीवरची परिस्थिती कोण समजावून सांगत होतं? तो लेफ्टनंट जनरल आडॉल्फ हॉइझिंगर. स्फोट झाला तेव्हा तोच बोलत होता.

आता तिथून १३ वर्षं पुढं या. १९५७ साल. पश्चिम जर्मनी हे लोकशाही राष्ट्र आहे, नाटोचं सदस्य आहे, आणि त्याच्या नव्या सैन्याचा सर्वोच्च अधिकारी नेमला जातो. कोण? हाच हॉइझिंगर. आणखी चार वर्षं पुढं या. १९६१. नाटोच्या लष्करी समितीचा अध्यक्ष म्हणून एक जर्मन जनरल वॉशिंग्टनला राहायला जातो. पुन्हा हाच.

म्हणजे हिटलरच्या शेजारी उभा असलेला माणूस १७ वर्षांत हिटलरला हरवणाऱ्यांच्या शेजारी बसला. हे कसं झालं? आणि व्हायला हवं होतं का? एवढे दोनच प्रश्न आज आपल्यापुढं आहेत.

पहिलं युद्ध आणि एक लाखाचं सैन्य

हॉइझिंगरचा जन्म ४ ऑगस्ट १८९७ चा, वेझर नदीकाठच्या होल्त्समिंडेन या गावातला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. घरात लष्करी सरदारकी वगैरे काही नव्हती, आणि हे लक्षात ठेवायला हवं, कारण जर्मन सेनाधिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, डोळ्याला एकभिंगी चष्मा लावलेला प्रशियन जमीनदार. हॉइझिंगर तसा नव्हता. तो मध्यमवर्गीय, शिकलेल्या घरातला मुलगा. १९१५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी तो पायदळात दाखल झाला, पुढच्या वर्षी लेफ्टनंट झाला, जखमी झाला. ३१ जुलै १९१७ ला फ्लँडर्समध्ये ब्रिटिशांनी मोठी चढाई सुरू केली, त्याच दिवशी तो त्यांच्या हाती लागला. सुटून परत आला तो १९१९ मध्ये.

गेला तेव्हा कैसरचं साम्राज्य होतं. परत आला तेव्हा कैसर हॉलंडला पळालेला, देशात प्रजासत्ताक, आणि व्हर्सायचा तह झालेला. त्या तहानं जर्मनीला किती सैन्य ठेवू दिलं? एक लाख. त्यात अधिकारी फक्त चार हजार. रणगाडे नाहीत, विमानं नाहीत, आणि जनरल स्टाफवर बंदी. जनरल स्टाफ म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. लढणारं सैन्य वेगळं, आणि लढाई कशी करायची हे आखणारे निवडक, खास प्रशिक्षित अधिकारी वेगळे. या दुसऱ्या गटाला जनरल स्टाफ म्हणतात, आणि प्रशियाच्या लष्करी ताकदीचं रहस्य हाच गट आहे, अशी दोस्तांची पक्की समजूत होती. म्हणून बंदी.

जर्मनांनी काय केलं? पाटी बदलली. ‘सैन्य कार्यालय’ अशा साध्या नावाखाली तेच काम चालू ठेवलं. चार हजारांत निवड व्हायची म्हणजे चाळणी किती बारीक असेल, विचार करा. हॉइझिंगर त्या चाळणीतून पार झाला आणि १९३० मध्ये त्या कार्यालयाच्या मोहीम विभागात पोचला.

इथं एक मुद्दा बाजूला काढून ठेवू, पुढं लागणार आहे. या छोट्या सैन्याला सेनापती झेक्टनं एक वळण लावलं होतं. सैनिकानं राजकारणापासून लांब राहायचं. ऐकायला छान वाटतं ना? पण याचा खरा अर्थ काय होत होता? सरकार येईल, जाईल, प्रजासत्ताक टिकेल किंवा पडेल, आपण देशाचे सेवक, सरकारचे नव्हे. १९२० मध्ये बर्लिनमध्ये काप नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली बंड झालं, तेव्हा सैन्य बंडखोरांवर चालून गेलं नाही, बाजूला उभं राहिलं. राजकारण नको म्हणणाऱ्यांनी लोकशाहीलाही आपलं म्हटलं नाही.

मग १९३३ मध्ये हिटलर आला. २ ऑगस्ट १९३४ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारला आणि त्याच दिवशी सैन्याला नवी शपथ दिली गेली. राज्यघटनेची नाही, देशाची नाही. आडॉल्फ हिटलर या व्यक्तीची, बिनशर्त आज्ञापालनाची. ज्यांनी राजकारणात पडायचं नाही असं ठरवलं होतं, ते सगळे एका दिवसात एका माणसाला बांधले गेले.

मोहीम विभागात काय चालतं

पूर्व प्रशियातल्या एका डिव्हिजनमध्ये काही काळ काढून हॉइझिंगर १९३७ मध्ये परत जनरल स्टाफमध्ये आला, आणि ऑक्टोबर १९४० मध्ये स्थलसेनेच्या मोहीम विभागाचा प्रमुख झाला. पुढची जवळजवळ चार वर्षं तो त्याच खुर्चीवर होता. त्याच्या वरचे बदलत राहिले. ब्राउखिच गेला, हाल्डर गेला, झाइत्सलर आला. हा तिथंच.

या खुर्चीवरचं काम कसं असतं, हे जरा नीट पाहू. हॉइझिंगरनं त्या काळात फौज घेऊन एकही लढाई लढली नाही. त्याच्या हातात होते टेलिफोन, टेलिप्रिंटर, नकाशे आणि रंगीत पेन्सिली. आघाडीवरच्या सैन्यगटांकडून खबरी यायच्या. कुठली डिव्हिजन कुठं आहे, किती उरली आहे, शत्रू कुठं जमतो आहे. ते नकाशावर चढायचं. मग वरचा निर्णय व्हायचा, आणि त्या निर्णयाचे लेखी हुकूम त्याचा विभाग तयार करायचा. एक ओळ लिहिली की हजारो माणसं चालू लागायची.

१८ डिसेंबर १९४० ला हिटलरनं रशियावरच्या स्वारीचा निर्देश काढला. तोच ‘बार्बारोसा’. त्यावरून फौजांची मांडणी कशी करायची याचे सविस्तर हुकूम स्थलसेनेच्या जनरल स्टाफनं बनवले आणि त्या कामाच्या मध्यभागी मोहीम विभाग होता. २२ जून १९४१ ला सुमारे ३० लाख जर्मन सैनिक सीमा ओलांडून गेले.

हे युद्ध पहिल्यापासूनच वेगळ्या जातीचं होतं. स्वारीच्या आधीच दोन हुकूम निघाले होते. १३ मे १९४१ च्या हुकमानं सांगितलं की तिथल्या नागरिकांविरुद्ध सैनिकानं गुन्हा केला तर खटला चालवणं बंधनकारक नाही. ६ जूनच्या हुकमानं सांगितलं की लाल सैन्यातला राजकीय कमिसार पकडला गेला तर त्याला कैदी धरायचं नाही, गोळी घालायची. सैन्यानं धान्य त्या मुलखातूनच उचलायचं, तिथल्या लोकांचं काय होईल ते होवो, हेही ठरलेलं होतं. जर्मनांच्या हाती एकूण सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैदी लागले. त्यातले सुमारे ३३ लाख मेले. उपाशी, थंडीनं, रोगानं, गोळ्या घालून.

आता तुम्ही विचाराल, यात हॉइझिंगरचा हात किती? कागदावर पाहिलं तर कैद्यांचं खातं क्वार्टरमास्टर जनरलचं. कमिसारांचा हुकूम दुसऱ्या मुख्यालयाचा. ज्यूंना मारणाऱ्या तुकड्या हिमलरच्या. प्रत्येक गोष्टीचं टेबल वेगळं. आणि नेमकं इथंच आपल्याला थांबावं लागतं. हे टेबलाटेबलांत वाटलेलं काम होतं. प्रत्येक जण खरं बोलत होता की ‘हे माझ्या टेबलावर येत नाही’. पण हॉइझिंगरचा नकाशा पुढं सरकला नसता तर त्यामागून येणारं काहीच आलं नसतं.

एक गोष्ट मात्र त्याच्याही टेबलावर आली होती. रशियाच्या जंगलांत, आघाडीच्या पाठीमागं, पार्टिझन लढत होते. आपल्याकडं गनिमी लढाई म्हणतात तशी. १९४२ मध्ये त्यांना पार्टिझन म्हणायचंच नाही, दरोडेखोर म्हणायचं, असं वरून ठरलं. आणि लढाईच्या हद्दीत त्यांचा बंदोबस्त करणं ही स्थलसेनेच्या जनरल स्टाफची जबाबदारी होती. हा बंदोबस्त म्हणजे काय होता? बेलारूसमध्ये शेकडो गावं जाळली गेली, कित्येक ठिकाणी गोठ्यात, धान्याच्या कोठारात माणसं कोंडून. काही मुलूख सैन्याखाली होता, काही मुलकी कारभार आणि एसएसखाली. गावकऱ्यांच्या दृष्टीनं त्यात फार फरक नव्हता.

युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गच्या खटल्यासाठी हॉइझिंगरनं एक शपथपत्र दिलं. त्यात तो सांगतो की नागरिकांना दिलेली वागणूक आणि पार्टिझनविरोधी लढाईच्या पद्धती या सर्वोच्च राजकीय आणि लष्करी नेत्यांना एक सोयीची संधी वाटत होत्या. स्लाव आणि ज्यू लोकांना पद्धतशीर संपवण्याचा त्यांचा जो हेतू होता, तो पार पाडण्याची संधी. आणि हे आपलं मत नेहमीच होतं, असं तो म्हणतो. 

हा ‘नेहमीच’ शब्द आम्हाला सोडत नाही. इतरांविरुद्धचा पुरावा म्हणून दिलेल्या त्या कागदात त्यानं स्वतःबद्दलही सांगून टाकलं आहे. त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो रोज सकाळी नकाशा अद्ययावत करत होता.

२० जुलै

त्याला आणखीही काही ठाऊक होतं. कटातला एक प्रमुख, हेन्निंग फॉन ट्रेस्को, युद्धाआधी जनरल स्टाफमध्ये त्याचा सहकारी होता. संघटना विभागाचा प्रमुख स्टीफ त्याच्या रोजच्या कामाच्या ओळखीतला. हिटलरविरुद्ध काही शिजतं आहे, याची त्याला कल्पना होती. तो कटात सामील झाला नाही. आणि त्यानं कोणाचं नाव वरही कळवलं नाही. मध्येच उभा राहिला.

जुलै १९४४ मधली परिस्थिती पाहा. २२ जूनच्या सुमाराला सोव्हिएत सैन्यानं मध्य आघाडीवर हल्ला चढवला आणि काही आठवड्यांत जर्मनांचा मधला सैन्यगट जवळजवळ नाहीसा झाला. सुमारे २८ डिव्हिजन गेल्या. जनरल स्टाफचा प्रमुख झाइत्सलर आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी हॉइझिंगर हिटलरपुढं आघाडीचा अहवाल द्यायला जात होता. २० तारखेलाही गेला. आज बॉम्ब फुटणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच्या मागं त्याचा मदतनीस कर्नल ब्रांट उभा होता. सांगतात असं की पायाला बॅग लागली म्हणून ब्रांटनं ती टेबलाच्या जाड लाकडी आधाराच्या पलीकडं सरकवली, आणि त्या आधारामुळं हिटलर वाचला. या ब्रांटचं दैव बघा. १९४३ च्या मार्चमध्ये ट्रेस्कोनं हिटलरच्या विमानात दारूच्या बाटल्यांचं पुडकं म्हणून बॉम्ब पाठवला होता. ते पुडकं विश्वासानं नेणारा हाच ब्रांट, आणि तेव्हा बॉम्ब फुटला नाही. या वेळी फुटला. ब्रांट आणि आणखी तिघे मेले.

हॉइझिंगर जखमी झाला. हॉस्पिटलात असतानाच गेस्टापोनं त्याला ताब्यात घेतलं. ट्रेस्कोनं २१ जुलैला आघाडीवर स्वतःला संपवलं. स्टीफला ऑगस्टमध्ये फाशी दिली. हॉइझिंगरविरुद्ध पुरावा सापडला नाही, आणि शरद ऋतूत त्याला सोडलं. पण विश्वास गेलेला होता. काम दिलं नाही. शेवटी मार्च १९४५ मध्ये, जेव्हा काढायला फारसे नकाशेच उरले नव्हते, तेव्हा त्याला लष्कराच्या नकाशा खात्याचा प्रमुख केलं. मग अमेरिकनांनी पकडलं. दुसऱ्यांदा युद्धकैदी. १९ वर्षांचा असताना ब्रिटिशांचा, ४७ वर्षांचा असताना अमेरिकनांचा.

गणवेश नसलेली वर्षं

जर्मनीचं सैन्यच बरखास्त झालेलं. ज्याला दुसरा कुठलाही धंदा येत नाही, असा माणूस काय करणार? १९४८ पासून तो गेलेनच्या संघटनेत काम करू लागला. हा राइनहार्ड गेलेन युद्धात सोव्हिएत सैन्याची माहिती गोळा करणाऱ्या खात्याचा प्रमुख होता. युद्ध संपताच तो आपले कागद घेऊन अमेरिकनांकडं गेला आणि त्यांच्याच पैशावर हेरखातं चालवू लागला. गंमत अशी की हाच गेलेन आधी हॉइझिंगरच्या विभागात, त्याच्या हाताखाली होता. आता हाताखालचा वर, आणि वरचा हाताखाली. काम मात्र ओळखीचं, रशियाच्या फौजा कुठं आहेत ते नकाशावर मांडणं.

२५ जून १९५० ला कोरियात युद्ध पेटलं आणि युरोपात सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कोरियासारखाच जर्मनीही दोन तुकड्यांत विभागलेला. उद्या इथं असं झालं तर? चान्सलर आडेनाउअरनं ऑक्टोबर १९५० मध्ये १५ जुन्या अधिकाऱ्यांना गुपचूप एकत्र बसवलं. जागा कुठली? आइफेलच्या डोंगराळ भागातला हिमेरोड नावाचा ख्रिस्ती मठ. हॉइझिंगर त्यात होता, रोमेलचा चीफ ऑफ स्टाफ असलेला श्पायडेल होता, आणि काउंट बाउडिसिन नावाचा एक अधिकारी होता.

या मठात तयार झालेल्या टिपणात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

एक गोष्ट बाउडिसिनच्या आग्रहानं आली. नवं सैन्य जुन्याची नक्कल नसेल. सैनिक हा आधी नागरिक. त्याचे हक्क गणवेश चढवताना काढून घेतले जाणार नाहीत. सैन्य संसदेच्या ताब्यात. यातूनच पुढं ‘गणवेशातला नागरिक’ ही कल्पना वाढली.

दुसरी गोष्ट मात्र कडू आहे. त्याच टिपणात या अधिकाऱ्यांनी अटी घातल्या. जर्मन सैनिकाची बदनामी थांबवा, अगदी वाफेन एसएसमधल्यांचीही. युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांचा प्रश्न सोडवा. म्हणजे सैन्य हवं असेल तर किंमत द्या. आणि ती किंमत दिली गेली. जानेवारी १९५१ मध्ये आयझेनहॉवरनं हॉइझिंगर आणि श्पायडेल यांच्या भेटीनंतर जाहीर केलं की खरा जर्मन सैनिक आणि हिटलरची टोळी यांत फरक आहे. ज्यानं काही वर्षांपूर्वी त्यांना हरवलं, त्यानंच प्रमाणपत्र दिलं. स्वच्छ सैन्य आणि गुन्हेगार एसएस, ही कथा त्यानंतर कित्येक दशकं जर्मनीत चालली. मघाशी आपण ३३ लाख कैद्यांचा आकडा घेतला. ते कैदी सैन्याच्या ताब्यात होते, एकट्या एसएसच्या नव्हे. ही कथा त्या आकड्यापुढं टिकत नाही.

माणूस तोच, चौकट नवी

१२ नोव्हेंबर १९५५. बॉनमधली एक बरॅक. भिंतीवर मोठा लोखंडी क्रॉस. १०१ स्वयंसेवकांना नेमणुकीची पत्रं दिली गेली. त्यातल्या पुष्कळांच्या अंगावर गणवेश नव्हता, कारण तो अजून तयारच नव्हता. साध्या कोटातले सैनिक. त्यांत हॉइझिंगर आणि श्पायडेल. पहिले दोन जनरल.

आडेनाउअरला कोणीतरी विचारलं म्हणे, हिटलरचे जनरल तुमचे जनरल होणार का? तो म्हणाला, अठरा वर्षांचे जनरल मी नेले तर नाटो ते घ्यायचं नाही! हसू येतं, पण यात खरा पेच आहे. अनुभवी माणूस हवा, आणि अनुभव एकाच ठिकाणी मिळालेला.

मग त्यांनी काय केलं? आम्हाला या सगळ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाचा भाग हा वाटतो. माणसं नवी मिळणार नव्हती, म्हणून त्यांच्याभोवतीची व्यवस्था नवी केली.

कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्यांसाठी संसदेनं कायदा करून एक छाननी समिती नेमली. त्या समितीनं नाही म्हटलं की संरक्षणमंत्रीही नेमणूक करू शकत नव्हता. शांततेच्या काळात सैन्याचा मुख्य संरक्षणमंत्री, म्हणजे मुलकी माणूस. संसदेचा एक स्वतंत्र प्रतिनिधी नेमायचं घटनेतच लिहिलं. कुठलाही शिपाई वरिष्ठांना बाजूला ठेवून थेट त्याच्याकडं तक्रार करू शकतो. जून १९५७ मध्ये हॉइझिंगर सर्वोच्च अधिकारी झाला, तरी त्याचं पद सरकारचा लष्करी सल्लागार असंच होतं. जुन्या सेनाप्रमुखासारखी सगळ्या फौजेवर थेट हुकमत त्याला नव्हती.

आणि शपथ. या वेळी शपथेत कोणाचं नाव नाही. जर्मनीच्या प्रजासत्ताकाची एकनिष्ठ सेवा आणि जर्मन लोकांच्या हक्कांचं, स्वातंत्र्याचं रक्षण. १९५६ च्या सैनिक कायद्यात तर स्पष्ट लिहिलं. माणसाच्या प्रतिष्ठेचा भंग करणारा हुकूम पाळणं बंधनकारक नाही. ज्या हुकमानं गुन्हा घडेल, तो पाळायचाच नाही. 

हे वाक्य हॉइझिंगरच्या १९४१ च्या टेबलावर ठेवून वाचून पाहा. ते तिथं असतं तर सगळं बदललं असतं का? आम्हाला तसं वाटत नाही. हिटलरच्या राज्यात कायद्याचं वाक्य कोणाला वाचवणार होतं? पण निदान ‘मला सांगितलं होतं’ म्हणायची सोय तरी राहिली नसती.

१९५९ मध्ये, २० जुलैला १५ वर्षं झाली तेव्हा, हॉइझिंगरनं सगळ्या सैन्याला उद्देशून एक आदेशपत्र काढलं आणि कटवाल्यांचा गौरव केला. आज हे साधं वाटेल. तेव्हा नव्हतं. त्याच्याच सैन्यातले कित्येक अधिकारी स्टाउफेनबर्गला शपथ मोडणारा म्हणत होते. ही ओढाताण पुढंही चालली. १९६१ मध्ये सिगमारिंगेनच्या बरॅकला स्टाउफेनबर्गचं नाव दिलं गेलं, आणि १९६४ मध्ये फ्यूसेनच्या बरॅकला हिटलरचा लाडका जनरल डीट्ल याचं. दुसरं नाव काढायला १९९५ साल उजाडलं.

या शपथेच्या प्रश्नाशी आपलीही ओळख आहे. १९४७ नंतर भारताचं सैन्य चालवलं ते ब्रिटिश राजाची शपथ घेतलेल्या अधिकाऱ्यांनी, आणि आझाद हिंद सेनेत गेलेल्या अधिकाऱ्यांना त्या सैन्यात परत घेतलं नाही. दोन्हींची तुलना करू नका, राज्यं वेगळी, गुन्हे वेगळे. फक्त एवढंच, की नव्या राष्ट्रापुढं जुन्या शपथेचं काय करायचं, हा प्रश्न एकट्या जर्मनीचा नाही.

शेवटचं कागदपत्र

१९६१ मध्ये हॉइझिंगर वॉशिंग्टनला गेला. ते साल बर्लिनच्या भिंतीचं, आणि जेरुसलेममध्ये चाललेल्या आइखमानच्या खटल्याचं. त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत सरकारनं अमेरिकेकडं मागणी केली, हा युद्धगुन्हेगार आहे, आमच्या हवाली करा. अमेरिकेनं नकार दिला. हा शीतयुद्धातला डाव होता, यात शंका नाही. पण प्रचारकानं विचारला म्हणून प्रश्न खोटा ठरतो का? पार्टिझनांच्या मुलखात काय झालं, हे त्याच्याच १९४५ च्या शपथपत्रात होतं. त्या प्रश्नाचा निकाल कुठल्याही कोर्टात लागला नाही. हॉइझिंगर १९६४ मध्ये निवृत्त झाला आणि ३० नोव्हेंबर १९८२ ला कोलोनमध्ये, ८५ व्या वर्षी वारला.

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडं येऊ. हे कसं झालं? याचं उत्तर सोपं आहे. तो कामात तरबेज होता, आणि त्या कामाची गरज प्रत्येक राजवटीला पडली. व्हायला हवं होतं का? इथं आमच्याकडं गुळगुळीत उत्तर नाही. त्यानं लोकशाहीची प्रामाणिकपणे सेवा केली, हे खरं. त्याच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या सैन्यानं कधी सरकारवर बंदूक रोखली नाही, हेही खरं. पण बेलारूसच्या त्या गावांचा हिशेब कोणी मागितला नाही, हेही तितकंच खरं. एक खरं दुसऱ्याला पुसत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या नावावर ठेवावी लागतात.

जर्मन संरक्षण खात्यानं २०१८ मध्ये नवं धोरण काढलं. हिटलरच्या काळातलं सैन्य, एक संस्था म्हणून, आजच्या सैनिकांसाठी आदर्श नाही, असं ते सांगतं. त्यातल्या एखाद्या व्यक्तीचा मान ठेवायचा असेल तर तिची चौकशी वेगळी करायची, सगळं आयुष्य तपासून. हॉइझिंगरच्या बाबतीत ही चौकशी फार अवघड जाते, आणि आम्हाला वाटतं ती अवघड जावी हेच बरं. ज्या दिवशी ती सोपी होईल, त्या दिवशी आपण एक तर नकाशाचं टेबल विसरलेलो असू, नाही तर ते १९५६ चं कलम.

आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.